पुस्तक कोणत्या कसाला लावलं?

प्रश्न: इतिहास, विज्ञान, कादंबऱ्या, कविता, पाककृती, मुलांची पुस्तकं असं मिळेल ते वाचतो. अभिप्राय लिहायला बसलो की मात्र सगळे एकाच छापाचे होतात: 'माहितीपूर्ण, ओघवती भाषा, जरूर वाचा.' विषय बदलला की अभिप्रायात काय बदलायला हवं? आणि इतरांचे अभिप्राय वाचून पुस्तक निवडायचं तर कशावर विसंबावं?

उत्तर: अभिप्राय एकाच छापाचे होतात, कारण प्रत्येक पुस्तकाला आपण एकच प्रश्न विचारतो: आवडलं का? पण पाककृतीच्या पुस्तकाचा कस ओट्याशी लागतो, शब्दकोशाचा अडलेल्या शब्दापाशी, कवितेचा मोठ्याने वाचताना. अनोळखी वाचकाला तुमची आवड कळून फारसं काही हाती लागत नाही. तुम्ही पुस्तक कशावर घासून पाहिलं आणि तेव्हा काय उमटलं, हे कळलं तर तो स्वतःचा निर्णय घेऊ शकतो. तुम्हाला जो दोष वाटला, तोच कदाचित त्याला हवा असेल.

सुरुवात शीर्षकपानामागच्या श्रेयपानापासून करा. बरेच वाचक ते उलटून पुढे जातात आणि मग अभिप्राय नेमक्या कोणत्या पुस्तकाबद्दल आहे तेच धूसर राहतं. तिथे पहिल्या आवृत्तीचं साल, ही कितवी आवृत्ती आणि हे पुनर्मुद्रण आहे का, अशा तीन गोष्टी बघायच्या. नव्या आवृत्तीत मजकुरावर पुन्हा काम झालेलं असणं अपेक्षित आहे. पुनर्मुद्रणात जुनाच मजकूर पुन्हा छापलेला असतो. मुखपृष्ठ नवं कोरं आणि आत वीस वर्षांपूर्वीचं लेखन, असं सर्रास घडतं. आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, तोही टिपून ठेवा. १ जानेवारी २००७ पासून तो तेरा आकड्यांचा झाला, त्याआधी दहा आकडी होता. एकाच कादंबरीचे तीन अनुवाद उपलब्ध असतील तर तुम्ही त्यातला कोणता वाचलात, ते या क्रमांकावरून पक्कं ठरतं.

विज्ञानाच्या पुस्तकात हे साल फार महत्त्वाचं. पहिली आवृत्ती २००४ची आणि पुनर्मुद्रण अलीकडचं असेल, तर त्यात प्लुटो नववा ग्रह म्हणून येणार, कारण आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने त्याला बटुग्रहांत टाकलं ते ऑगस्ट २००६ मध्ये. १९५६ पूर्वीची जीवशास्त्राची पुस्तकं माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असल्याचं सांगतात. त्या वर्षी ती ४६ असल्याचं दाखवलं गेलं. हा लेखकाचा निष्काळजीपणा नव्हे. त्या काळाचं ज्ञानच तेवढं होतं. म्हणून अभिप्रायात 'चुका आहेत' असं मोघम न लिहिता 'अमुक सालापर्यंतचं ज्ञान आहे, अमुक भाग आता जुना झाला' असं लिहावं. जठरव्रण (पोटातला अल्सर) हा निव्वळ मानसिक ताणाचा आणि तिखट खाण्याचा परिणाम आहे, असं आजचं आरोग्यविषयक पुस्तक सांगत असेल तर मात्र तो दोषच. त्यामागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू १९८२ मध्ये सापडला आणि त्या शोधाला २००५ चं नोबेल मिळालं. नंतर लिहिणाऱ्याने ते न पाहणं म्हणजे घरचा अभ्यास न करणं.

विज्ञानाच्या पुस्तकाला लावायचा दुसरा कस म्हणजे आकड्याबरोबर साल दिलंय का हे बघणं. शनीला किती चंद्र आहेत याचं उत्तर वेध सुधारतील तसं वाढत गेलं आहे. साल न देता आकडा ठोकून देणाऱ्या लेखकाला हे भान नाही, असं समजायला हरकत नाही. आणि उपमा तपासा. उपमेने गोष्ट समजली, की नुसतं समजल्यासारखं वाटलं? प्रकरण संपवून पुस्तक मिटा आणि तीच गोष्ट चार वाक्यांत स्वतः मांडून बघा. अडलात तर कुठे अडलात ते लिहा. 'सोप्या भाषेत लिहिलं आहे' यापेक्षा 'तिसऱ्या प्रकरणापर्यंत शाळेतलं गणित पुरतं, पुढे कलनशास्त्र येत नसेल तर अडायला होतं' हे वाक्य कितीतरी उपयोगी आहे. त्यासोबत तुमची आधीची तयारीही सांगा. विषय शिकलेल्याला 'वरवरचं' वाटलेलं पुस्तक नवख्याला अगदी नेमकं असू शकतं.

इतिहासाच्या पुस्तकात मागची पानं आधी उघडा. टिपा, संदर्भ आणि सूची आहे का? मग पुस्तकातली तीन ठाम विधानं निवडा आणि त्यांच्या टिपांपर्यंत जा. टीप पत्र, तह, हिशेबाचा कागद अशा मूळ साधनाकडे नेते, की दुसऱ्या एखाद्या पुस्तकाकडे आणि तेही पान क्रमांक न देता? तिन्ही विधानांची हीच गत असेल तर लेखक दुसऱ्यांच्या निष्कर्षांवर उभा आहे. अशी पुस्तकंही चांगली असतात, पण ती संकलनं आहेत, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

तारखांवरून लेखकाची काळजी लगेच कळते. युरोपातल्या घटनांबद्दल लिहिताना जुनी (ज्युलियन) दिनगणना की नवी (ग्रेगोरियन), हे सांगावंच लागतं. रोमने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरला. ब्रिटनने हा बदल १७५२ मध्ये केला आणि रशियाने १९१८ मध्ये. त्यामुळे न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ आणि ४ जानेवारी १६४३ अशा दोन तारखांनी सांगता येतो, आणि रशियातली 'ऑक्टोबर क्रांती' नव्या गणनेने ७ नोव्हेंबर १९१७ ला येते. एका प्रकरणात एक गणना आणि पुढच्यात दुसरी, आणि त्याचा खुलासा कुठेच नाही, असं आढळलं तर पान क्रमांकासकट नोंदवा. दोन घटनांचा क्रमच त्याने उलटा होऊ शकतो.

चरित्रावरच्या अभिप्रायात सगळ्यात मोठी चूक होते ती वेगळीच. अभिप्राय पुस्तकावर राहत नाही, चरित्रनायकावर जातो. 'केवढं अफाट कार्य, अशी माणसं आता होत नाहीत' अशी दोन पानं होतात आणि चरित्र कसं लिहिलंय याबद्दल अवाक्षर नसतं. वंदनाचा मोह होणं स्वाभाविक आहे, पण तो अभिप्राय नव्हे. इथे चार गोष्टी तपासायच्या. लेखकाला कुटुंबाची किंवा संस्थेची परवानगी आणि कागदपत्रं मिळाली होती का, आणि तसं त्याने प्रस्तावनेत सांगितलंय का? जन्म-बालपण आणि यशाची वर्षं भरभरून आल्यावर मधली पडती वर्षं किती पानांत आटोपली? विरोधकांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत आलंय का? आणि बंद खोलीतले संवाद अवतरणचिन्हांत दिले असतील तर ते लेखकाला कळले कसे? शेवटच्या प्रश्नाला टिपांमध्ये उत्तर नसेल, तर ती चरित्रात्मक कादंबरी आहे. तसं लिहा, कादंबरी म्हणून ती उत्तमही असेल.

पाककृतीच्या पुस्तकावर नुसतं वाचून अभिप्राय देऊ नये. किमान तीन कृती करून बघा: एक तुम्हाला येणारी, एक अजिबात न येणारी आणि एक भट्टीत (ओव्हनमध्ये) भाजायची, कारण मापांची चूक भाजकामात लपत नाही. पहिल्यांदा करताना एकही बदल करायचा नाही. साखर कमी घातली, पीठ दुसरं वापरलं आणि मग 'जमलं नाही' असं लिहिलं तर तो दोष पुस्तकाच्या माथी मारता येत नाही. बदल केलाच असेल तर तो सांगा.

मापं मात्र बारकाईने बघा. पुस्तकातला 'कप' म्हणजे किती? अमेरिकी पुस्तकात तो साधारण २४० मिलीलिटरचा, तर मेट्रिक कप २५० चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलीलिटर, पण ऑस्ट्रेलियात २०. एक कप मैदा चमच्याने हलकेच भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास भरतो. कप पिठात खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमवर जातो. तीन कपांच्या कृतीत हा फरक ९० ग्रॅमचा झाला, म्हणजे जवळजवळ पाऊण कप पीठ जास्त. केक कोरडा होतो आणि वरून तडकतो तो यामुळे, आणि वाचक भट्टीला दोष देतो. ज्या पुस्तकात कपासोबत ग्रॅम दिले आहेत, किंवा निदान कप कसा भरायचा ते सांगितलं आहे, त्याला अभिप्रायात त्याचं श्रेय द्या. पंख्याची भट्टी धरली आहे की साधी, हेही बघा. तापमानात साधारण २० अंश सेल्सिअसचा फरक करावा लागतो. साहित्याची यादी वापराच्या क्रमाने आहे का? यादीतलं सगळं कृतीत येतं का? यादीत दोनदा मीठ आणि कृतीत एकदाच, अशा चुका छापील पुस्तकांत सापडतात. आणि पुस्तक ओट्यावर उघडं ठेवलं तर उघडं राहतं का? नुसत्या गोंदाच्या बांधणीचं पुस्तक आपोआप मिटतं, हात पिठाचे असतात, आणि जोर लावून दाबलं की पानं सुटतात. दोऱ्याने शिवलेलं पुस्तक सपाट राहतं. विणकाम, बागकाम, सुतारकाम या सगळ्या करून बघायच्या पुस्तकांना हेच लागू आहे. बागकामात पुस्तक कोणत्या हवामानासाठी लिहिलंय ते आधी बघा, नाहीतर पेरणीचा महिनाच चुकतो.

अनुवादित पुस्तकावर लिहिताना अनुवादकाचं नाव पहिल्या दोन ओळींत यायलाच हवं. त्याचं नाव न घेता भाषेची स्तुती करणं हा उघड अन्याय आहे. ते शब्द त्याचेच आहेत. अनुवाद मूळ भाषेतून केलाय की मधल्या एखाद्या भाषेतून, हे श्रेयपानावर किंवा मनोगतात असतं. मूळ भाषा येत नसली तरी अनुवादाचा कस लावता येतो. हे वाक्य बघा: 'त्याने त्याचे हात त्याच्या कोटाच्या खिशात घातले.' मराठीत 'त्याने कोटाच्या खिशात हात घातले' एवढं पुरतं. दुसऱ्याच्या खिशात घातले असते तरच सांगायची गरज होती. पानभर असे 'त्याचे, त्याच्या' सापडले तर अनुवादकाने शब्द मराठीत आणले, वाक्य आणलं नाही. दुसरी जागा नात्यांची. इंग्रजीत एकाच शब्दात भागतं तिथे मराठीला आत्या, मावशी, काकू की मामी हे ठरवावंच लागतं. चांगला अनुवादक कथेतून नातं हुडकून काढतो. घाईतल्या अनुवादात तीच बाई चाळिसाव्या पानावर मावशी आणि नव्वदाव्यावर आत्या होते. तिसरी जागा संवाद: कोण कुणाला 'अहो' म्हणतं, कुणाला 'अरे', आणि ओळख वाढल्यावर ते बदलतं का? अशी दोन-तीन वाक्यं पान क्रमांकासह दिलीत तर 'अनुवाद सरस उतरला आहे' या ठोकळ्याची गरजच उरत नाही.

शब्दकोशावर अभिप्राय देण्यासाठी तो उघडण्याआधी वीस शब्दांची यादी करा: पाच रोजची क्रियापदं, पाच नवे शब्द, पाच बोलीतले, पाच वाक्प्रचार. आधी यादी, मग कोश. उलटं केलंत तर कोशात असलेलेच शब्द डोळ्यांना दिसतात. कोशाचा खरा घाम साध्या क्रियापदांवर निघतो. 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, दिवा लागतो, शोध लागतो, गाडी लागते, माणूस नादी लागतो, आणि 'बोलू लागला' मध्ये तर तो सहायक होतो. हे अर्थ वेगळे करून, प्रत्येकाला वाक्य देऊन मांडले असतील तर कोशकाराने काम केलंय. 'आनंद म्हणजे हर्ष' आणि 'हर्ष म्हणजे आनंद' असं गोल फिरवणारा कोश परक्या शिकणाऱ्याच्या उपयोगाचा नाही.

पाठ्यपुस्तकं आणि गणिताची पुस्तकं यांबद्दल थोडक्यात: एका प्रकरणातली दहा उदाहरणं सोडवा, मागच्या उत्तरांशी ताडून बघा, आणि किती चुकीची छापली आहेत ते लिहा. शुद्धिपत्र असेल तर तेही सांगा.

कादंबरीच्या बाबतीत पहिला प्रश्न किती सांगायचं हा. पहिल्या चतुर्थांशापर्यंतचं कथानक उघड करायला हरकत नाही, त्यापुढचं टाळावं. 'शेवट धक्कादायक आहे' एवढं सांगणंही घात करतं, कारण मग वाचक पानापानावर धक्क्याची वाट बघत बसतो. कथा कोण सांगतंय, त्याला जेवढं माहीत असायला हवं तेवढंच तो सांगतो का, काळ पुढे-मागे जातो तेव्हा वाचक हरवतो का, यावर लिहा. 'पात्रं जिवंत आहेत' म्हणण्यापेक्षा एक कसोटी लावा: संवादांतली 'तो म्हणाला, ती म्हणाली' ही शेपटं झाकली तरी कोण बोलतंय ते ओळखू येतं का? येत असेल तर पात्रं जिवंत आहेत, आणि तुमच्याकडे पुरावाही आहे.

कविता मोठ्याने वाचाव्यात, आणि संग्रह एका बैठकीत संपवू नये. साठ कवितांतल्या किती आठवड्याभरानंतर पुन्हा उघडाव्याशा वाटल्या, हा आकडा प्रामाणिकपणे द्या. सात-आठ आल्या तरी संग्रह चांगला आहे. छंदात किंवा विशिष्ट आकृतिबंधात लिहिलेलं असेल तर त्याच्या नियमांनी बघा. गझलेच्या मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, 'वारा' आणि 'तारा' हे काफिये (यमकाचे शब्द) घेतले, तर न बदलणाऱ्या 'रा'च्या आधीचा 'आ' हा स्वर पुढे सगळीकडे सांभाळावा लागतो; तीच अलामत. पुढच्या शेरात (दोन ओळींच्या कडव्यात) 'सारा', 'पसारा' चालेल. 'चेहरा' आला की अलामत मोडली, कारण तिथे 'रा'च्या आधी 'अ' आहे. कवीने जाणूनबुजून सूट घेतली असेल, पण पाच शेरांत तीनदा मोडली तर ती सूट नव्हे. मुक्तछंदात हे नियम नाहीत, पण ओळ तिथेच का तोडली हा प्रश्न विचारता येतो. ओळी सरळ जोडून गद्यासारख्या वाचा. काहीच हरवलं नाही तर तोडण्याला कारण नव्हतं.

मुलांचं पुस्तक मुलाला वाचून दाखवल्याशिवाय त्यावर लिहू नका. मोठ्यांना बोधकथा आवडतात, मुलांना आवडतात की नाही ते दुसऱ्या रात्री कळतं: तेच पुस्तक पुन्हा मागितलं का? मजकूर ज्या प्रसंगाचा, चित्रही त्याच पानावर आहे का? चित्र आधीच्या पानावर आलं की मूल पुढचं ओळखून बसतं आणि ऐकणं सोडतं. मुलाचं वय मात्र नक्की लिहा. 'लहान मुलांसाठी' या शब्दांत तीन वर्षांचं आणि दहा वर्षांचं मूल एकत्र कोंबलं जातं.

स्वयंविकासाच्या पुस्तकांवरचे अभिप्राय बहुतेक वेळा शेवटचं पान मिटल्याच्या भारावलेपणात लिहिलेले असतात. थांबा. पुस्तकातला एक उपाय, पुस्तक म्हणतं तितके दिवस करून बघा आणि किती दिवस केला ते लिहा. दोन विधानं आली की सावध व्हा. एक, 'माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो', याला आधार नाही. दोन, 'एकवीस दिवसांत सवय लागते'. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचं दिसलं, आणि माणसागणिक हा काळ १८ ते २५४ दिवस इतका बदलत होता. एकवीस दिवसांवर विसंबलेला वाचक बाविसाव्या दिवशी स्वतःलाच नालायक ठरवतो. हा तोटा अभिप्रायात सांगण्याजोगा आहे.

राजकारण, धर्म, अर्थकारण अशा मतभेदांच्या विषयांत आधी लेखकाचं म्हणणं तीन वाक्यांत मांडा. कसं? लेखकाने वाचलं तर 'हो, मी हेच म्हणतोय' असं त्याला म्हणावं लागेल, असं. मगच तुमचा आक्षेप. पटलं नाही आणि पुस्तक वाईट आहे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. न पटणारं पुस्तकही नीट युक्तिवादाचं असू शकतं, आणि पटणारं अगदी भोंगळ.

आता प्रत्यक्ष लिहिण्याबद्दल. वाचताना पुस्तकात एक लांबट कागद ठेवा आणि त्यावर पान क्रमांकापुढे तीनच खुणा करा: आवडलं त्याला बरोबरची, शंकेला प्रश्नचिन्ह, चुकीला फुली. पुस्तक संपल्यावर दोन दिवसांत लिहा, एक रात्र जाऊ द्या, मग विशेषणं मोजा. 'अप्रतिम', 'संग्राह्य', 'वाचनीय', 'खिळवून ठेवणारं' यांतलं प्रत्येक खोडून त्याच्या जागी कागदावरची एक नोंद घाला. नोंद सापडत नसेल तर ते विशेषण तसंही पोकळ होतं. तीनशे-चारशे शब्द पुष्कळ झाले. अनुक्रमणिका पुन्हा लिहून काढू नका. पुस्तक अर्धवट सोडलं असेल तर कितव्या पानावर आणि का, ते सांगा. हा अभिप्रायही मोलाचा असतो, फक्त पूर्ण वाचल्याचा आव नको. लेखक ओळखीचा असेल किंवा प्रत भेट मिळाली असेल तर पहिल्याच ओळीत तसं लिहा. छपाई, कागद, मुद्रितशोधन ही प्रकाशकाची बाजू वेगळ्या ओळीत ठेवा. पडद्यावर वाचलं की ऐकलं तेही सांगा, कारण छोट्या पडद्यावर कवितेच्या ओळी मोडतात, कोष्टकं फुटतात, आणि श्राव्य पुस्तकात वाचणाऱ्याचा आवाजच निम्मा अनुभव असतो.

दुसऱ्यांचे अभिप्राय वाचताना ताऱ्यांच्या सरासरीवर जाऊ नका. लिहायला बसतो तो बहुधा फार खूश झालेला किंवा फार चिडलेला माणूस. मधले गप्प राहतात. पाच आणि एक ताऱ्यांचे दोन ढीग मिळून सरासरी तीन येते, तेव्हा मध्यम वाटलेला माणूस त्यात कदाचित एकही नसतो. प्रकाशनानंतरच्या पहिल्या आठवड्यातले अभिप्राय बहुतेक लेखकाच्या चाहत्यांचे असतात. एक ताऱ्याचे उघडून बघा: 'पार्सल फाटून आलं' हा पुस्तकाचा दोष नाही. बऱ्याचदा एकाच नावाखाली जुन्या-नव्या आवृत्त्यांचे आणि वेगवेगळ्या अनुवादांचे अभिप्राय गोळा झालेले असतात, म्हणून तारीख आणि आवृत्ती बघा. तीन ताऱ्यांचे आधी वाचा. काय जमलं आणि काय नाही, दोन्ही तिथे सापडण्याची शक्यता जास्त. दोन अनोळखी वाचकांनी स्वतंत्रपणे तीच जागा, तेच प्रकरण, तीच चूक दाखवली असेल तर ती पन्नास विशेषणांपेक्षा भरवशाची. आणि एखाद्या वाचकाची पारख जोखायची असेल तर तुम्ही स्वतः वाचलेल्या तीन पुस्तकांवर त्याने काय लिहिलंय ते शोधा. त्याचं मत तुमच्याशी जुळलं नाही तरी चालेल. पण त्याने काय पाहिलं आणि काय त्याच्या नजरेतून सुटलं, हे तिथे तुम्हाला अचूक कळेल.